फळ्यावरचा ‘प्रलय’

एम. ए. इंग्रजीचा तास. सवयीने फळ्यावर लिहिलं : अपोकॅलिप्स म्हणजे प्रलय. अकरा वर्षं हेच लिहीत आलोय. दोष थोडा आयरिश कवी येट्सचाही. १९१९ च्या त्याच्या ‘द सेकंड कमिंग’ या कवितेतला, जग मोडत असताना येशूच्या जन्मगावाकडे, बेथलेहेमकडे निघालेला तो पशू पोरांना भारी आवडतो, परीक्षेतही येतो.

त्या दिवशी मात्र शिकवायला अमेरिकन कवयित्री एच. डी. होती. हिल्डा डूलिटल, पेनसिल्व्हेनियातल्या बेथलेहेमची (हो, गावाचं नाव तेच), मोरेव्हियन या प्रोटेस्टंट पंथाच्या घरातली. दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडत होते तरी लंडनमध्येच राहिली आणि ‘द वॉल्स डू नॉट फॉल’ ही कवितामाला लिहिली. १९४४ साली ती छापून आली.

मागच्या बाकावरून एक मुलगी म्हणाली, “सर, आमच्याकडे त्याला प्रकटीकरण म्हणतात.”

“आमच्याकडे म्हणजे?”

“बायबलात. शेवटचं पुस्तक, योहानाला झालेलं प्रकटीकरण. आजीला वाचून दाखवते मी.”

बरोबरच होतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच झाकण काढणं, उघड करणं. हे मला ठाऊक होतं, पण फळ्यावर कधी आलं नव्हतं. मग एच. डी.चं पुस्तक उघडलं नि पहिल्याच कवितेत अडकलो. तिथे लंडनची पडकी घरं आणि इजिप्तमधलं कर्नाकचं देऊळ शेजारीशेजारी उभी आहेत. छप्पर कोसळतं आणि इतके दिवस बंद असलेली खोली हवेला उघडी होते, तसे या उद्ध्वस्तपणातून विचार हलू लागतात, असं ती म्हणते. दरवर्षी हे मी ‘विध्वंसाची प्रतिमा’ म्हणून सांगून पुढे जायचो. एच. डी. तर झाकण निघाल्याचं सांगत होती.

“या पुस्तकात भर घालील त्याच्यावर पीडा येतील, असंही आहे ना गं त्या प्रकटीकरणात?” मी विचारलं.

“आहे, सर. पण त्याच्या आधी ‘पाहा, मी सर्व गोष्टी नवीन करतो’ असंपण आहे.”

१९४५ च्या ‘ट्रिब्यूट टू द एंजल्स’ या पुढच्या कवितामालेत एच. डी.ने नेमकं हेच केलंय : योहानाची धमकी लिहायची आणि लगेच देवाच्या सिंहासनावरून आलेलं ते ‘नवीन करतो’चं वाक्य. योहानाला उत्तर त्याच्याच पुस्तकातून. आणि वर देवदूतांची स्वतःची भर घालून मोकळी!

मी ‘प्रलय’ खोडला.

संध्याकाळी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडे गेलो. माझ्या नोट्स तिथेच मिळतात. मला बघताच तो म्हणाला, “सर, यंदाच्या चाळीस कॉप्या काढून ठेवल्यात.”