उजव्याच गालावर

चिठ्ठीत लिहिलं होतं : 'ऑटिझम, वय १८, आक्रमक वर्तन, स्वतःला मारून घेतो. दात साफ करून द्यावेत.' मारून घेण्याचा दातांशी काही संबंध असेल, हे लिहिणाऱ्याच्या मनातही आलं नव्हतं.

कोल्हापुरात राजारामपुरीत माझा दाताचा दवाखाना आहे. ऑटिस्टिक मुलं माझ्याकडे येतात ती बहुतेक दुसरीकडून परत पाठवलेली. त्यांना मी भर दुपारची वेळ देते, तेव्हा बाहेर कुणी नसतं. कॉम्प्रेसर आधीच बंद करते, कारण जो आवाज माझ्या कानांना आता जाणवतही नाही, तो या मुलांना भिंतीपलीकडून छळतो. खुर्चीवरचा मोठा दिवा लावत नाही, डोक्याला बांधायचा लहान दिवा वापरते. पुदिन्याच्या वासाचं काही बाहेर ठेवत नाही. ती चव यांच्यातल्या कित्येकांना अक्षरशः भाजते. खुर्चीची पाठ आडवी करत नाही. एअरोटर, म्हणजे दात कोरायचं यंत्र, पहिल्या भेटीत तोंडाजवळ आणत नाही. यातल्या कशालाच पैसे लागत नाहीत. आमच्यातले बरेच जण 'आमच्याकडे सोय नाही' म्हणून या मुलांना दारातूनच परत पाठवतात, याचा मला मनापासून राग येतो.

दादू (खरं नाव वेगळं) आईबरोबर आला. उंच, मिसरूड फुटलेला. त्याचं बोलणं बहुतेक एसटी स्टँडवर ऐकलेलं. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे तो हुबेहूब त्या भोंग्याच्या आवाजात म्हणतो. आणि मध्येच उजव्या गालावर, जबड्याच्या कोपऱ्यापाशी, फाडकन मारून घेतो. ती जागा काळीनिळी पडली होती. डावा गाल स्वच्छ.

इतक्या नेमक्या एकाच जागी? मी आईंना विचारलं, खाण्यात काय बदललंय?

"भडंग सोडलं, मॅडम. रोज संध्याकाळी वाटीभर लागायचं. आता नुसता दहीभात, त्योबी डावीकडनं चावतोय. मी सांगत होतो सगळ्यांना, ह्याचं कायतरी दुखतंय. म्हणाले, वयात आला की असं होतंच."

आणि रिस्पेरिडोनचा डोस वाढवला गेला. ऑटिझममधल्या तीव्र चिडचिडीवर ते औषध देतात, त्यात गैर काही नाही. पण डोस वाढवण्याआधी एकदा तोंडात बघावं, कानात बघावं, पोट दाबून बघावं. न बोलणाऱ्या माणसाचं वागणं अचानक बदललं, तर आधी दुखणं शोधायचं असतं. 'कुरकुरीत खाणं सोडलं' एवढं कळल्यावर दंतवैद्यकाच्या पहिल्या वर्षातल्या मुलानंही तोंड उघडायला सांगितलं असतं.

तोंड उघडणं सोपं नव्हतं. पूर्वी एका दवाखान्यात दोघांनी हात धरून त्याचा दात काढला होता. तेव्हापासून तो दवाखान्याची पायरीच चढत नव्हता. माझ्याकडेही पहिल्या वेळी तो दारातच बसून राहिला. पुढच्या खेपेला मी आरसा त्याच्या हातात दिला. त्याने तो बोटांत गरगर फिरवला. पंखा, मिक्सर, चाक, फिरणारं काहीही त्याला आवडतं. मग ठरवलं की पाचपर्यंत मोठ्यानं मोजायचं आणि पाच म्हटलं की माझा हात बाहेर, दात दिसलेला असो वा नसो. आईंनी आणखी एक सांगून ठेवलं : नको झालं की तो 'गाडी सुटणार आहे' म्हणतो. तो तसं म्हणाला आणि मी चारलाच हात काढला. त्यानंतर तोंड जास्त उघडलं.

उजवीकडे खाली अक्कलदाढ अर्धवट वर आलेली. तिच्यावरची हिरडी लालबुंद, दाबली की पू, आणि दर चावण्याला वरची दाढ नेमकी तिच्यावर आपटत होती. हे ज्यांना झालंय त्यांना माहीत आहे, कळ कानापर्यंत जाते, गिळतानाही दुखतं.

ओपीजी, म्हणजे पूर्ण जबड्याचा एक्स-रे, हवा होता. त्यात हनुवटी टेकवून, पुढच्या दातांत एक काडी धरून, यंत्र डोक्याभोवती फिरेपर्यंत पंधरा सेकंद तरी जराही हलायचं नाही. मी सोबत गेले. टेक्निशियन म्हणाला, "हलणार ओ हे, मॅडम. फिल्म वाया जाणार." रांगेतले एक काका मोठ्यानं बोलले की असल्यांना बाहेर आणूच नये. ते स्वतः गुडघा दुखतो म्हणून आले होते, आणि ते त्यांना सांगता येत होतं. आईंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. टेक्निशियनला विचारलं, "फिरतंय न्हवं ते डोक्याभोवती? मग हालायचा न्हाई त्यो."

मी त्याला एक्स-रे न सोडता यंत्र नुसतं फिरवून दाखवायला सांगितलं. दादू बघत राहिला. मग स्वतःच आत जाऊन दांडे धरले. यंत्र फिरलं तेव्हा त्याचे फक्त डोळे फिरले. इतकी स्वच्छ फिल्म धडधाकट माणसांचीही क्वचित येते. नंतर तो बाहेर यायला तयार होईना.

फिल्ममध्ये अक्कलदाढ पुढच्या दाढेवर तिरकी रेललेली होती, आणि त्या पुढच्या दाढेला मागून कीड लागून ती नसेपर्यंत पोचलेली. भोवतीचं हाड झिजलेलं. आईंनी विचारलं, "कधीपासनं असंल हे?"

यावर मी अजूनही विचार करते. गुळमुळीत उत्तर देता आलं असतं. पण अठरा वर्षं या बाईंना सगळ्यांनी गुळमुळीतच सांगितलंय. मी म्हटलं, इतकी कीड आठवड्या-पंधरा दिवसांत लागत नाही, वर्ष तरी झालं असावं. त्या बाकावर बसल्या. म्हणाल्या, "म्हणजे गोळ्या वाढवल्या तवाबी दुखतच होतं."

धुऊन, अँटिबायोटिक देऊन सूज उतरवली. आठवडाभरात मारणं थांबलं. पण दाढा काढायला पूर्ण भूल हवी होती, आणि तिथे कागद आडवा आला : अठरा पूर्ण, म्हणजे सज्ञान, मग संमतीची सही कुणाची? १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार पालकत्वाचा दाखला जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची स्थानिक स्तर समिती देते. मुलगा अठराचा व्हायच्या आधी हे कुणीतरी आईबापांना सांगायला हवं. यांना कुणीच सांगितलं नव्हतं. दाखला येईपर्यंत दुखणं दोनदा उलटलं.

शस्त्रक्रिया नीट झाली. भूलतज्ज्ञ समजूतदार भेटले : सकाळची पहिली केस, म्हणजे उपास लांबत नाही, आधी तोंडावाटे गुंगीचं औषध आणि मगच हाताला सुई, डोक्यावरचा पंखा चालू. डावीकडची तशीच तिरकी अक्कलदाढही त्याच भुलेत काढली. टाके विरघळणारे घातले, काढायला पुन्हा तोंडात जायला नको.

डोस मात्र अजून वाढवलेलाच आहे. दादू दुपारभर झोपतो, वजन वाढलंय. ते औषध एकदम बंद करता येत नाही, आणि कमी करणं माझ्या अखत्यारीतही नाही. मी डोस वाढवणाऱ्या डॉक्टरांना सविस्तर पत्र लिहिलं, फिल्मची प्रत जोडली, डोसचा फेरविचार व्हावा अशी विनंती केली. उत्तर आलेलं नाही. पुढच्या आठवड्यात आई फिल्म घेऊन स्वतःच जाणार आहेत. "तुम्ही येता का बरोबर, मॅडम? माझं एकटीचं ऐकत न्हाईत," म्हणाल्या. त्या दुपारच्या अपॉइंटमेंट मी रद्द केल्या आहेत.