वॉरंटी वाढवली, पण कशाची?

गाडी घेतानाच शोरूममध्ये एक्स्टेंडेड वॉरंटी गळ्यात मारतात. “मॅडम, पाच वर्षं निर्धास्त राहा,” असं सांगताना कुणी वगळलेल्या भागांचं पान उघडून दाखवत नाही. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, वायपर, रबरी पट्टे हे भाग झिजणाऱ्या वस्तू म्हणून वॉरंटीबाहेर असतात, ते मला मान्यच आहे.

पण ऐन एप्रिलमध्ये, कसारा घाट चढताना एसीचा कॉम्प्रेसर गेला. नाशिकच्या वर्कशॉपमधला सल्लागार म्हणाला, “त्याला फिरवणारा पट्टा झिजल्यामुळे कॉम्प्रेसर गेला. पट्टा वॉरंटीत नाही, म्हणून कॉम्प्रेसरही नाही.” त्याआधी माझी सही घेतली होती: क्लेम नामंजूर झाला तर भाग उघडण्याची मजुरी ग्राहकाची. याचा मला सर्वांत जास्त राग येतो. दोष कुठे आहे हे उघडल्याशिवाय कळत नाही आणि उघडायला सांगितलं की भुर्दंड आपल्यालाच! शिवाय दर सर्व्हिसला तोच पट्टा तपासून ‘ओके’ लिहिलेली जॉबकार्डं माझ्याकडे आहेत.

तोंडी नकार मी घेतला नाही. नकाराचं कारण लेखी मागितलं, कॉम्प्रेसरचे फोटो काढले, जुना भाग ताब्यात ठेवला. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली. तिथे मिटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत तिथे जाता येतं. जॉबकार्डांच्या झेरॉक्स काढून ठेवल्या आहेत.