रजिस्टरातली माझी सही

"सलाम, पाळकसाहेब. लग्नाचा दाखला पाहिजे होता."

मला वाटलं पासपोर्टसाठी असेल. हल्ली आमच्या चर्चमध्ये दाखल्याला येणारे बहुतेक त्याच कामाचे असतात. शनिवारची सकाळ होती, उद्याचा उपदेश अर्धवट पडला होता आणि बाहेर तरुण संघाची पोरं ढोलकी ठोकून बघत होती. कपाटाची किल्ली शोधता शोधता मी सहज विचारलं, "कुठं निघालीस गं?"

"कोर्टात."

तिच्यासोबत तिची मावशी होती. मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेली नर्स, वय पंचाहत्तरच्या घरात, लग्न केलेलं नाही. आमची सगळी मंडळी, म्हणजे चर्चची माणसं, त्यांना मावशीच म्हणते, मीसुद्धा.

आमच्याकडं लग्नाचं रजिस्टर १८७२ च्या ख्रिस्ती विवाह कायद्याप्रमाणे ठेवलं जातं. कुणी नक्कल मागितली तर फी घेऊन द्यावीच लागते, त्यात पाळकाच्या मर्जीचा प्रश्न नसतो. तेरा वर्षांपूर्वीचं पान उघडलं. वर, वधू, दोन साक्षीदार आणि तळाला लग्न लावणाऱ्याची सही. ती माझी. तेव्हा मी सही फार लफ्फेदार करायचो.

ते पान बघताना दुसरा एक दिवस आठवला आणि हात थांबला.

लग्नाला दोन वर्षं झाली असतील. ती अशीच आली होती, एकटी, हाताला पट्टी, खांद्याला पिशवी. मी बायबलातला मत्तयाचा एकोणिसावा अध्याय काढला. 'देवाने जे जोडले आहे ते माणसाने तोडू नये.' वर जुन्या करारातला मलाखी संदेष्टा जोडला, देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा, तिटकारा आहे म्हणून. प्रार्थना केली. मग तिला स्टँडवर नेऊन सासरच्या एसटीत बसवून दिलं. आपण एक घर वाचवलं, असं मी घरी येऊन बायकोला सांगितलं होतं. ती काही बोलली नव्हती.

त्याच मलाखीत, त्याच वाक्यात पुढे जुलमाचाही तिटकारा आहे. तेवढं मी वाचलं नव्हतं. खरं सांगायचं तर वाचलं होतं, बोललो नव्हतो.

"तुला त्या दिवशी मी परत पाठवायला नको होतं," मी म्हणालो.

"तुम्ही स्टँडवर उसाचा रस पाजला होता," ती म्हणाली. "तेवढाच आठवतो मला." टोमणा असता तर मला बरं वाटलं असतं.

आता तीन वर्षं ती माहेरी आहे. नवराही संमतीनं सोडायला तयार झालाय. ख्रिस्ती लोकांच्या १८६९ च्या घटस्फोट कायद्यात दोघांच्या संमतीचं कलम आलं ते २००१ साली. त्यासाठी दोन वर्षं वेगळं राहिलेलं असावं लागतं. मावशींना हे सगळं पाठ. "आमच्या वेळी नुसत्या मारावर बाईची सुटका नव्हती, साहेब. नवऱ्याचा व्यभिचार शाबीत करा, वर छळ नाहीतर टाकून देणं शाबीत करा. नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार एवढं एकच पुरे. माझ्या बरोबरीच्या दोघीजणी त्यात म्हाताऱ्या झाल्या."

नक्कल लिहिता लिहिता मी मावशींना म्हणालो, पण वचन कडक आहे हे खरंच ना. मावशी खुर्ची ओढून बसल्या. मला कळलं, उपदेश आज काही पुरा होत नाही.

"कडक आहे, पण कुणावर? प्रभू येशूला प्रश्न कुणी विचारला होता? परूशांनी, म्हणजे कर्मठ यहुद्यांनी. काय विचारला? वाटेल त्या कारणावरून बायको टाकता येते का. बाईनं मार खाऊन कुठं जावं, असं कुणी विचारलंच नव्हतं."

मावशींचं बरोबर होतं. बायबल शाळेत आम्हाला हे शिकवलेलं आहे. त्या काळी यहुदी गुरूंचे दोन पक्ष होते. शम्मायचा पक्ष म्हणे, काही लज्जास्पद घडलं तरच सूटपत्र द्यावं. हिल्लेलचा पक्ष म्हणे, बायकोनं जेवण करपवलं तरी चालेल. अशा बाजारात प्रभूनं 'तोडू नये' म्हटलं ते करपलेल्या भाकरीपायी रस्त्यावर येणाऱ्या बाईच्या बाजूनं. परीक्षेत मी हे उत्तर लिहून मार्क मिळवले आणि मंडळीत येऊन तेच वचन बाईच्याच दाराला कडी म्हणून लावलं.

मी प्रेषित पौलाकडं वळलो. करिंथकरांस त्याचं पहिलं पत्र, अध्याय सात. विश्वास न ठेवणारा जोडीदार सोडून जात असेल तर जाऊ द्यावं, अशा वेळी विश्वासी भाऊ किंवा बहीण बांधलेली नाही. "पण मावशी, तिचा नवरा तर बाप्तिस्मा झालेला आहे."

"पहिल्या बाकावर बसतो म्हणून विश्वासी? घरी हाणतो त्याचं काय?"

याला माझ्याकडं सरळ उत्तर नाही. आमच्यातले काही पाळक पौलाच्या त्या 'सोडून जाण्यात' मारहाणही धरतात, काही धरत नाहीत. मी आता धरतो. शास्त्राच्या कसोटीवर ते पुरतं उतरतं का, याची मला अजून खात्री नाही, पण पुन्हा कुणाला त्या एसटीत बसवणार नाही.

ती इतका वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पाळकसाहेब, मला त्याच अध्यायातलं दुसरं विचारायचंय. वेगळी झाली तर तिनं तसंच राहावं नाहीतर नवऱ्याशी समेट करावा, असं आहे ना? समेट नाही होणार. मला तसंच राहायचंय. आईनं आत्ताच एक बिजवर बघून ठेवलाय. तुम्ही तिला सांगा ना, एकटं राहणं म्हणजे शाप नाही."

मी यासाठी तयार नव्हतो. पौलानं अविवाहितांना आपल्यासारखंच राहणं बरं म्हटलंय, त्याला देवाचं दान म्हटलंय. आणि मी? दर रविवारी लग्नाळू मुलामुलींना स्थळं मिळू दे म्हणून प्रार्थना करतो. ज्यांना नको त्यांच्यासाठी एक ओळ नाही.

मावशी हसायला लागल्या. "चाळीस वर्षं प्रत्येक पाळकानं माझ्यासाठी स्थळ मागितलं. एकानंही विचारलं नाही, मावशी, पाहिजे का?"

मागच्या भिंतीवर पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. १८८२ मध्ये नवरा वारला तेव्हा पदरात लहान मुलगी होती. पुढं चाळीस वर्षं त्या एकट्याच राहिल्या. केडगावचं मुक्ती मिशन उभं केलं, मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं. त्यांच्यावर मी किती उपदेश केलेत, पण त्या एकट्या बाई होत्या हे एकातही आलं नाही.

नक्कल झाली. सही केली, साधी. मावशींनी फी मोजून दिली आणि पावती मागून घेतली.

संध्याकाळी तिची आई आली. बहिणीकडून सगळं कळलं होतं. मी करिंथकरांस पत्र उघडलं तसं तिनं हातानंच पुस्तक मिटलं. "साहेब, ते राहू द्या. उद्या माझे डोळे मिटले की हिला रात्री ताप आला तर पाणी कोण देणार, तेवढं सांगा."

मी म्हणालो, मंडळी आहे ना.

"मंडळी," ती म्हणाली. "तेरा वर्षं होतीच की मंडळी."

दुसऱ्या दिवशी आई उपासनेला आली, मागच्या बाकावर बसली. दाराशी मी सलाम केला, तिनं घेतला नाही.