एचओएची परवानगी काढून बॅकयार्डमध्ये कोंबड्या पाळल्या: माझा अनुभव

इकडे अमेरिकेत बऱ्याच शहरांत घरामागे थोड्या कोंबड्या पाळायला परवानगी असते, फक्त कोंबडा चालत नाही. आमच्याही सिटीत तसंच आहे. पण सिटीने हो म्हटलं म्हणून एचओए, म्हणजे वसाहतीतल्या घरमालकांची संघटना, हो म्हणेलच असं काही नाही, कारण घर घेताना सहीच्या वेळी तो जो जाडजूड गठ्ठा मिळतो ना, सीसीअँडआर, म्हणजे एचओएची नियमावली, त्यातल्या अटी आपण मान्य केलेल्या असतात, आणि सिटी आणि एचओए दोघांत ज्याचा नियम कडक असेल तो आपल्याला पाळावाच लागतो. या अटी काउंटीत रजिस्टर झालेल्या असतात, घर विकलं तरी त्या घरासोबतच जातात. म्हणून पिल्लं आणायच्या आधी मी तो गठ्ठा काढून बसले.

त्यात प्राण्यांवरचं कलम होतं. कुत्री, मांजरं आणि इतर घरगुती पाळीव प्राणी सोडून गुरंढोरं, कोंबड्या, बदकं काही पाळता येणार नाही. झालं, संपलं, असं वाटलं. पण त्याच वाक्याच्या शेवटी होतं, "बोर्डाच्या लेखी संमतीशिवाय". बोर्ड म्हणजे एचओएचं कार्यकारी मंडळ. एवढ्या तीन शब्दांवर पुढचं सगळं उभं राहिलं. हे शब्द नसते तर सीसीअँडआरच बदलावं लागलं असतं, आणि त्याला घरमालकांची मतं लागतात, बऱ्याच ठिकाणी दोन तृतीयांश किंवा त्याहून जास्त, आणि साध्या वार्षिक मीटिंगला कोरम होताना मारामार असते तिथे एवढी मतं कुठून आणणार. लेखी संमती मात्र बोर्ड आपल्या मीटिंगमध्ये देऊ शकतं. तुमच्याकडे कलम कसं लिहिलंय ते अक्षरन् अक्षर वाचा, शेजारच्या सबडिव्हिजनमध्ये चालतं म्हणून आपल्याकडे चालेल असं धरून चालू नका.

पहिला अर्ज एचओएचं कामकाज बघणाऱ्या मॅनेजमेंट कंपनीकडे ईमेलने पाठवला तर छापील उत्तर आलं, कोंबड्यांना मनाई आहे. तो अर्ज बोर्डापर्यंत गेलाच नव्हता! मग मी कलम नंबर टाकून परत लिहिलं की ही संमती बोर्डाने द्यायची आहे, कृपया पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय घ्या. तेव्हा कुठे हललं.

मीटिंगच्या आधीचा वेळ मी शेजाऱ्यांसाठी ठेवला आणि माझ्या मते खरं काम तिथेच झालं. बोर्डावरच्या लोकांना कोंबड्यांशी तसं काही देणंघेणं नसतं, त्यांना तक्रारी नको असतात. उजवीकडचे काका रिटायर्ड आहेत, त्यांचं लहानपण मोठ्या पोल्ट्री फार्मच्या शेजारी गेलेलं, त्यामुळे त्यांच्या डोक्यात वास पक्का बसलेला. डावीकडच्या गुजराती भाभींना उंदरांची भीती, घरात रांगतं बाळ. आणि मागच्या घरातल्या ताई नर्स आहेत, नाइट शिफ्ट करून सकाळी झोपतात, त्यांना आवाजाचं टेन्शन. तिघांच्याही काळज्या खऱ्या होत्या, म्हणून मी कुणालाच "काही होत नाही हो" असं म्हटलं नाही.

वास येतो तो मुळात ओलाव्यामुळे. शिट ओली राहिली की अमोनिया सुटतो, कोरडी राहिली आणि त्यावर पाइनचा भुसा भरपूर असला की फारसा वास येत नाही, म्हणून मी काकांना ड्रॉइंगच दाखवलं की नुसत्या खुराड्यालाच नाही तर समोरच्या जाळीच्या रनवरसुद्धा, म्हणजे कोंबड्यांच्या फिरायच्या जागेवरही, छप्पर असणार आहे. उंदीर येतात ते कोंबड्यांसाठी नाही, सांडलेल्या दाण्यांसाठी येतात. त्यामुळे खाणं झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात, फीडर रात्री उचलून आत, आणि जाळी अर्ध्या इंचाची हार्डवेअर क्लॉथ. दुकानात चिकन वायर म्हणून जी मिळते ती कोंबडी आत ठेवते, पण रॅकून ती सहज फाडतो आणि उंदीर तर तिच्या भोकातून आरामात जातो. हीच जाळी खुराड्याभोवती बाहेरच्या बाजूला जमिनीवर पसरून मातीखाली दाबली की उकरून आत येणाऱ्यांचीही सोय बंद. भाभींनी जाळीचा तुकडा हातात घेऊन त्यात बोट घालून पाहिलं, गेलं नाही, तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल झाला.

नर्स ताईंचं जरा अवघड होतं. कोंबडा नसला तरी कोंबडी अंडं घातल्यावर ओरडते, आणि बहुतेक अंडी सकाळीच येतात, म्हणजे नेमकी त्यांची झोपायची वेळ. मी त्यांना हे आधीच सांगून टाकलं. मग ओळखीच्या एकांकडे कोंबड्या आहेत तिथे घेऊन गेले, त्या कुंपणापाशी हाताची घडी घालून शांत उभ्या राहिल्या, एक कोंबडी चांगली दोनेक मिनिटं कोकलली आणि गप्प झाली. "एवढंच?" म्हणाल्या. तरी आम्ही ठरवलं की खुराडं त्यांच्या खिडकीपासून सगळ्यात लांबच्या कोपऱ्यात, अंड्यांच्या पेट्यांचं तोंड पलीकडे, आणि जात शांत निवडायची. तिघांनीही हरकत नाही असं लिहून दिलं.

मीटिंगमध्ये एकांनी प्रॉपर्टी व्हॅल्यू काढली, एकांनी आज कोंबड्या उद्या बकऱ्या असं. मी वाद घातला नाही. अटी मीच लिहून नेल्या होत्या: चारच कोंबड्या, कोंबडा नाही, खुराडं कुंपणापेक्षा उंच नाही आणि रंग घराच्या रंगाचा, अंडी विकायची नाहीत, संमती एक वर्षापुरती आणि खरी तक्रार सिद्ध झाली तर काढून घ्यायचा अधिकार बोर्डाचा. परत घेता येईल अशा गोष्टीला हो म्हणणं लोकांना सोपं जातं. मंजूर झालं, खुराड्याचं ड्रॉइंग आर्किटेक्चरल कमिटीकडे वेगळं द्यावं लागलं, सिटीचं परमिट वेगळं. संमती मिनिट्समध्ये नोंदवून घ्या आणि पत्राची कॉपी जपून ठेवा, बोर्ड बदलतं.

पिल्लं घेताना मी सेक्स-लिंक जातीची घेतली, कारण त्यांच्यात नर-मादी अंड्यातून बाहेर येतानाच रंगावरून कळतात. बाकीच्या जातींत तलंग, म्हणजे मादी, म्हणून आणलेलं एखादं पिल्लू मोठं होऊन आरवायला लागू शकतं, आणि आमच्या अटीत ते बसलंच नसतं. पहिल्या आठवड्यात पिल्लांना साधारण 95 फॅरनहाइट ऊब लागते, मग दर आठवड्याला पाचेक डिग्रीने कमी करत न्यायची. साधारण 18 ते 20 आठवड्यांच्या झाल्या की अंडी सुरू होतात, आणि हो, कोंबडा नसला तरी अंडी येतात, फक्त त्यातून पिल्लं निघत नाहीत. हे मला कितीतरी जणांनी विचारलं! लहान मुलं असतील तर कोंबड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुणं सक्तीचं करा, साल्मोनेला या आजारी पाडणाऱ्या जंतूचा धोका खरा आहे.

मधे एकदा वासाची निनावी तक्रार गेली आणि व्हायोलेशन नोटीस आली. वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण मी लगेच लेखी उत्तर दिलं, फोटो जोडले आणि कुणीतरी येऊन बघा असं कळवलं. बोर्डावरचे एकजण आले, पावसाळी दिवस असून रन कोरडं होतं, खाली वाकून भुसा हातात घेतला, वास घेतला. नोटीस मागे घेतली गेली.

आई इकडे आली होती तेव्हा एक कोंबडी पेटीतून उठेचना, हात नेला की फुगून गुरगुरायची. मी घाबरून व्हेटला फोन करणार तर आई म्हणाली, "अगं, काही झालं नाहीये तिला, खुडूक बसलीये." म्हणजे अंडी उबवायला बसून राहिलेली. मग जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात, पोटाला खालून वारा लागेल असं काही दिवस ठेवलं, आली ताळ्यावर.

वर्ष झाल्यावर बोर्डाने संमती पुढे चालू ठेवली, मुदत काढून टाकली, चारची अट तशीच आहे. मध्यंतरी, 2025 च्या सुरुवातीला बर्ड फ्लूमुळे दुकानात अंडी महागली तेव्हा आमच्याकडच्या अंड्यांना भलतीच मागणी आली, पण विकायची नाहीत हे ठरलेलं, म्हणून शेजारी वाटली. काका आता रिकामे डबे स्वतःच आणून ठेवतात. सध्या पिसं झडायचा सीझन चालू आहे आणि दिवसही लहान होत चाललेत, 14 तासांपेक्षा कमी उजेड झाला की अंडी घटतातच, त्यामुळे तिघांनाही सांगून ठेवलंय की आता दिवस मोठा होईपर्यंत डबा भरून मिळणार नाही.