ब्लो ड्रायखाली लपलेला कट

आषाढातला शनिवार, दुपारचे तीन वाजलेले, बाहेर रिपरिप. खुर्चीत बसलेल्या बाईंनी क्लचर काढला आणि केस खाली आलेच नाहीत. वरचे कानाच्या पातळीवर फुगून उभे राहिले, खाली पाठीवर एक पातळ शेपटी लोंबत राहिली. बाजूने पाहिलं तर देठासकट फुलकोबी. त्या स्वतःच म्हणाल्या, "ताई, हसलात तरी चालेल. घरचे सगळे हसून झालेत."

नऊ दिवसांपूर्वी दुसऱ्या एका सलूनमध्ये कापलेले. तक्रार एकच: दोन इंच सांगितले होते, पाच इंच गेले. मी विचारलं, तिथून निघताना कसे दिसत होते? "तेव्हा छान होते हो. फोटोसुद्धा काढला." फोटोत केस सरळ, टोकं आत वळलेली, लेयर्स, म्हणजे वर आखूड आणि खाली लांब असे केसांचे थर, सुरेख. बिघडलं ते घरी न्हायल्यावर.

निम्मं निदान इथेच झालं. पाण्याने केसातले हायड्रोजन बंध सुटतात आणि केस ज्या आकारात वाळेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. गोल ब्रशवर ताणून वाळवलेला कुरळा केस म्हणून सरळ राहतो, पण पुढच्या पाण्यापर्यंतच. पावसाळ्यात तर दमट हवासुद्धा पुरते. कुरळ्या केसांचा कट ब्लो ड्राय करून दाखवला तर त्यातली चूक गिऱ्हाइकाला दिसत नाही, आणि कापणाऱ्यालाही दिसत नाही. मुद्दाम फसवलं असं मी म्हणणार नाही. शिकवणीतच बहुतेकांना सरळ केसांची डमी मिळते.

क्लचरमुळे केसांना घड्या पडल्या होत्या, म्हणून आधी धुतले. मग ओल्या केसांवर टेप लावली. टाळूवरची लट ओली, ताणून आठ इंच. तीच सोडून, वाळवून साडेचार. मागची खालची रेषा ओली सतरा, वाळल्यावर अकरा. पूर्वी केस ब्लाउजच्या हुकापर्यंत यायचे म्हणाल्या, त्या हिशोबाने खालून खरोखर दोनच इंच गेले होते. त्यांचे पाच इंच वर गेले. त्यांनी लांबी सांगितली होती, लेयर कुठून सुरू करायचा ते कोणी बोललंच नव्हतं.

लट हातात धरली की कट वाचता येतो. टाळू, दोन्ही बाजू आणि मागच्या उंचवट्याच्या हाडापर्यंतचे केस डोक्याला काटकोनात उचलून एकाच मापाने कापलेले. हाडाखालचे सोडून दिलेले. सरळ केसांत ही फट थोडीफार चालून जाते, कारण वरचे खालच्यांवर झाकण घालतात. कुरळ्यांत वरचे आखडून वर जातात आणि मध्ये फळी तयार होते. त्या सलूनमध्ये त्यांनी ज्या नटीचा फोटो दाखवला होता, तिचे लेयर्स लांब होते. त्यासाठी सगळे केस सरळ वर, छताकडे उचलून फक्त टोकं घेतात. खालचा भरणा टिकतो. शब्द दोन्हीकडे एकच, लेयर.

त्यात भर म्हणजे थिनिंग कात्री, मधले मधले केस कापून दाटपणा कमी करणारी दातेरी कात्री. टाळूच्या आतल्या थरात मुळापासून दीड इंचावर फिरवलेली. केस दाट आहेत म्हणून हलके करायला गेले असणार. सरळ केसांत असे तुकडे लपून बसतात. कुरळ्यांत प्रत्येक तुकडा आपली वेगळी स्प्रिंग करतो आणि वरच्या लांब केसांना टेकू देतो. हलकं करायला जावं तर डोकं आणखी मोठं दिसतं. डाव्या कानावर वेगळाच खड्डा होता: तिथे कंगव्याने केस घट्ट ओढून कापले, सोडल्यावर कानाने त्यांना बाहेर ढकललं, आणि बाकीच्यांपेक्षा पाऊण इंच आखूड झाले. ओला केस ताणला तर जवळजवळ ३० टक्क्यांपर्यंत लांबतो, हे विसरलं की असे खड्डे पडतात.

त्यांची मागणी होती, "सगळेच वरच्याएवढे करून टाका, एकसारखे तरी होतील." म्हणजे ओले आठ इंच सगळीकडे. शेपटी गेली असती, फुलकोबी राहिली असती. पहिल्या सलूनने उपाय म्हणून स्मूदनिंग, म्हणजे रसायनाने केस तात्पुरते सरळ-मऊ करणं, सुचवलं होतं. त्याचा असर काही महिन्यांत उतरतो आणि टाळूवरचे हे तुकडे तेव्हा तिथेच असतात. कायमचं स्ट्रेटनिंग केलं तर मुळाशी दर महिन्याला साधारण अर्धा इंच कुरळा केस येत राहतो आणि एकाच लटेत दोन जाती दिसू लागतात. मी दोन्हीला नाही म्हटलं.

ओल्या केसांतच लीव्ह-इन (न धुता ठेवायचं कंडिशनर) आणि जेल चोळून, मुठीत दाबून, ड्रायरला हवा पसरवणारं तोंड, म्हणजे डिफ्यूझर लावला, हवा मंद, उष्णता मध्यम. ते वाळायलाच चाळीस मिनिटं गेली. जेलचा कडकपणा हाताने चुरून काढला आणि मग कात्री उचलली, कोरड्यावर.

टाळूला हात लावायचा नाही, हे आधी ठरवलं. वरचं आखूड आहे ते परत लांब होणार नाही. खालचं वर आणता येतं. खालून तीन इंच घेतले, कोरडे, म्हणजे अकराचे आठ झाले. मग खरं काम हाडाच्या आसपासच्या दोन बोटं रुंद पट्ट्यात. तिथली एकेक लट सुटी करून, अजिबात न ओढता, जिथे तिची वळी आत वळते त्या जागी कापली. वळी बाहेर वळताना कापली तर टोक उभं राहतं आणि तेच एक टोक दिवसभर डोळ्यात खुपतं. फळीच्या लगतच्या लटा सहा इंचांवर, त्याखालच्या सातवर, असा उतार केला. शेजारच्या दोन लटांना मुद्दाम एक माप दिलं नाही, नाहीतर पुन्हा रेघ दिसते. थिनिंग कात्री ड्रॉवरमधून बाहेरच काढली नाही. माझ्याकडची मुलगी दर दहा मिनिटांनी जमिनीकडे बघत होती, कारण केस पडतच नव्हते. दीड तासात सुपलीभरही झाले नाहीत.

कानावरचा खड्डा कापून भरत नाही. भांग मधला होता, तो उजवीकडे सरकवला, म्हणजे जास्त केस डावीकडे पडून झाकण मिळतं. आतल्या तुकड्यांसाठी दहाच्या नाण्याएवढं जेल, फक्त टाळूखाली, केस ओले असतानाच. वाळल्यावर फणी नाही. गुंता कंडिशनर लावलेल्या केसांतच रुंद दातांच्या कंगव्याने, टोकांकडून वर. टॉवेलऐवजी जुना सुती टी-शर्ट, तोही चोळायचा नाही, दाबायचा.

टाळूवर चार इंच परत यायला आठ महिने लागतील असं सांगितलं. त्यांनी बोटांवर मोजून फाल्गुन आला म्हणून तोंड वाकडं केलं. पुढच्या वेळी "दोन इंच" म्हणताना वाळलेल्या केसाला हात लावून दाखवा, आणि सगळ्यांत आखूड लट कुठपर्यंत हवी ते वेगळं सांगा, एवढं त्यांनी फोनमध्ये लिहून घेतलं.

आश्विनात परत आल्या. खालून अर्धा इंच घेतला, वर काहीच नाही. फळी आता हाताला लागते, डोळ्याला दिसत नाही. डाव्या कानावर अजून एक काळी पिन लागते.