चोर्ला घाटात उतरण्याआधी चार्जिंग तपासा

बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे गोव्याला जाणाऱ्या टुरिस्ट गाडीवर पावसाळ्यात वायपर, हेडलाइट, ब्लोअर असा सगळा लोड एकदम पडतो. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी चार्ज करणारा भाग, कमजोर असेल तर तो इथेच उघडा पडतो.

व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर जवळ ठेवाच. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे ती भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावा. साध्या चार्जिंगच्या (म्हणजे कॉम्प्युटर चार्जिंगचं व्होल्टेज कमी-जास्त करत नाही अशा) गाडीत १३.८ ते १४.५ दिसायला हवेत. १३ च्या खाली राहिले तर चार्जिंग होत नाही. १५ च्या वर गेले तर व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर बिघडला, बॅटरीतलं पाणी आटणार.

पण लगेच अल्टरनेटर बदलू नका! गॅरेजवाले बहुधा तिथूनच सुरुवात करतात. आधी अल्टरनेटर फिरवणाऱ्या बेल्टचा ताण आणि चिरा बघा. ओला, सैल बेल्ट घसरतो. मग लोड चालू ठेवून मीटरची एक पिन अल्टरनेटरच्या जाड वायरच्या बोल्टवर, दुसरी बॅटरीच्या प्लसवर धरा. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक आला तर दोष वायरीत किंवा गंजलेल्या जोडात. अर्थिंगचंही तसंच तपासा: एक पिन अल्टरनेटरच्या बॉडीवर, दुसरी बॅटरीच्या मायनसवर. टर्मिनल साफ करताना मायनस आधी काढा, शेवटी जोडा. चालू इंजिनवर बॅटरी कधीच काढू नका. व्होल्टेज उसळून ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जळू शकतो.