दूध, डफ आणि एकच बर्नर

अण्णांच्या वाड्यातली शेगडी म्हणायला दोन बर्नरची, पण डावा बर्नर कायम रुसलेला. त्यामुळे कोजागरीच्या रात्री तिथे आमची गाण्याची बैठक भरली की उजव्या बर्नरवर पहिला हक्क कुणाचा, बारा लिटर दुधाचा की शाहिरांच्या डफाचा, यावरून दरवर्षी वाजायचं. पाऊस कॅलेंडरावर संपलेला असला तरी आश्विनात पुण्यात संध्याकाळची एखादी सर येतेच, आणि जुन्या वाड्याच्या मातीच्या भिंती ती ओल आठवडाभर धरून ठेवतात. डफाचं कातडंही तसंच. ओल लागली की सैल पडतं, थाप मारली की उशीवर मारल्यासारखा आवाज. मग शाहीर स्वयंपाकघरात यायचे, पातेलं बाजूला सरकवायचे आणि आचेवर डफ भाकरीसारखा फिरवत उभे राहायचे. मधूनमधून कानाशी धरून टिचकी.

"शाहीर, दुधाला चामड्याचा वास लागेल हो!" वहिनी ओरडायच्या.

"वहिनी, दुधाला वेलदोडा आहे. माझ्या डफाला कोण आहे?"

मी तेव्हा चारोळ्या निवडत बसलेली असायचे. आमच्या बैठकीचं माझं सगळं शिक्षण त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर झालं. उंबऱ्यातून अर्धा सोपा दिसायचा आणि पूर्ण ऐकू यायचं. कलाकार आत येऊन काय बोलतात, हे बाहेरच्यांना कधीच कळायचं नाही, ते आम्हाला कळायचं.

मंडळाला नाव नव्हतं. वर्गणीच्या वहीवर अण्णांच्या अक्षरात नुसतं 'बैठक' लिहिलेलं. सदाशिव पेठेत, खुन्या मुरलीधरापासून हाकेच्या अंतरावर वाडा. सोप्यात जाजम, त्यावर पांढरी चादर, दाटीवाटीने पंचेचाळीस माणसं. माइक नाही, कधीच नव्हता. मंडळी सगळी ख्यालाच्या तालमीत कान तयार झालेली. १९५३ साली पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ सवाई गंधर्व महोत्सव सुरू केला, तेव्हापासूनच्या गोष्टी सांगणारे दोघं-तिघं आमच्यात होते. आमची पिढी म्हणजे रमणबागेत आईच्या मांडीवर झोपून, पहाटेच्या भैरवीला जागी होणारी. तेव्हा सुरुवातीची वर्षं बैठक तशीच झाली: गायन, कधी सतार, कधी बासरी, मध्यंतरात बटाटेवडे. त्याबद्दल वेगळं काही सांगण्यासारखं नाही. चांगली व्हायची.

मग एका वर्षी ठरलेल्या गायकांचा घसा बसला, तोही चार दिवस आधी. अण्णांच्या कचेरीतले एक सहकारी तुळजापूरकडचे. ते म्हणाले, आमच्या गावाकडचे गोंधळी आहेत, बोलावू का? दसरा झालेला, तुळशीचं लग्न अजून लांब. म्हणजे नवरात्र उरकलेलं आणि लग्नसराईचे गोंधळ सुरू व्हायचे, त्यामुळे हा मधला महिना ती मंडळी मोकळी असतात. अण्णा हो म्हणाले. गोंधळ म्हणजे काय, हे आम्हाला माहीत होतं असं आम्हाला वाटत होतं. शाळेत एकनाथांची भारुडं होती ना! नाथांनी गोंधळ्याचं, वासुदेवाचं, जोशाचं सोंग घेऊन लिहिलेलं सगळं पाठ, पण खरा गोंधळी समोर बसवून ऐकलेला नाही. आर्यभूषण थिएटरात तमाशा असतो हेही ठाऊक होतं, तिथेही आमच्या घरांतून कुणी गेलेलं नव्हतं. हे अभिमानाने सांगत नाही.

चौघं आले. कवड्यांच्या माळा, घोळदार झगे. त्यांतले वयस्क बुवा सोप्यात शिरले, चादरीकडे बघितलं, लोडांकडे बघितलं आणि विचारलं, "घट कुठं मांडायचा?"

अण्णा गडबडले. "नाही, घट वगैरे नाही. नुसतं गाणं."

"नुसतं कसं?" बुवा खरंच बुचकळ्यात पडले होते. देवीला बोलवायचं, कुलदैवतांना बोलवायचं, आणि त्यांनी येऊन बसायचं कुठे? आमच्या उंबऱ्यावरून वहिनी उठल्या. पाट आणला, त्यावर कोरा खण, खणावर तांदळाचा चौक, मधे तांब्याचा कलश, वर नारळ. दहा मिनिटांत झालं. बुवांनी दिवटी पेटवली आणि वाड्याच्या तुळयांकडे बघून अण्णांचा चेहरा पांढरा पडला, ते सोडा.

खरी पंचाईत पुढे होती. संबळ म्हणजे कमरेला बांधलेली दोन वाद्यांची जोडी, दोन काठ्यांनी वाजवायची, त्यातल्या एका काठीचं टोक वळलेलं. ते वाद्य देवळाच्या प्रांगणासाठी, माळासाठी घडलेलं. बारा बाय वीसच्या सोप्यात पहिला ठोका पडला आणि पुढच्या रांगेतल्या आजोबांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. बुवा हसले, आपणहून चौकात जाऊन उभे राहिले. आम्ही सोप्याच्या कडेला सरकलो. चौकात, उघड्या आभाळाखाली, संबळ एकदम शहाणा झाला. तुणतुणंही ऐकू यायला लागलं.

तुणतुण्याबद्दल एक सांगायलाच हवं. राजा केळकर संग्रहालयात वाद्यांच्या दालनात असली वाद्यं मांडलेली आहेत, मी शाळेच्या सहलीत पाहिली होती. काचेआड ते बिचारं खेळण्यासारखं दिसतं: एक नळकांडं, तळाला कातडं, कातड्याच्या मधून निघालेली एकच तार, वर एक खुंटी. पण चार फुटांवरून ऐकलं तर त्यात नुसता सूर नसतो. तार छेडली की कातडं थरथरतं, नळकांडं घुमतं, आणि सुराच्या मागे एक खरखर उरते. त्या खरखरीवरच गाणारा पाय ठेवतो. माइकमध्ये ही खरखर दोष म्हणून काढून टाकतात. लोकसंगीताचे मोठे कार्यक्रम बघताना मला हल्ली सगळ्यात जास्त चुटपूट तिची लागते.

तर आवाहन सुरू झालं. बुवा एकेका देवीला, एकेका गावाच्या देवाला गोंधळाला यायचं बोलावणं धाडत होते, झीलकरी सूर धरत होते, आणि शेवटी आरोळी आली, "आई राजा उदो उदो!"

पंचेचाळीस माणसं चिडीचूप.

शांत बसणं हाच आमच्याकडे आदर. दाद द्यायची ती समेवर, 'वा' म्हणून, तीही फार मोठ्याने नाही. बुवांनी पुन्हा आरोळी दिली. पुन्हा शांतता. कुणीतरी "वा!" म्हणालं, ते तर शांततेहून वाईट. तिसऱ्या वेळेला दाराशी बसलेल्या मावशींनी, वहिनींकडे भांड्याला यायच्या त्यांनी, हात वर करून खणखणीत आवाजात म्हटलं, "उदो उदो!" त्या धाराशिवकडच्या. बुवांनी चमकून तिकडे बघितलं. आणि मग अख्खं आख्यान, दीड तास, ते दाराकडे तोंड करून गायले. लोडाला टेकलेल्या आम्हा सगळ्यांना त्यांची पाठ. एका कार्यक्रमात एकच श्रोता असू शकतो, आणि तो पंचेचाळिसांत आपण नसू, हे तोवर कुणाच्या डोक्यात आलेलं नव्हतं.

निघताना श्रीफळ, शाल आणि पाकीट. पाकिटात गायकांना ठरलेल्या रकमेच्या निम्मे. चौघांत मिळून. वही मीच लिहीत होते, त्यामुळे मला आकडा माहीत होता आणि मी काही बोलले नाही. वहिनी बोलल्या, दुसऱ्या दिवशी, सगळ्यांसमोर. "काल त्यांनी चौघांनी गायलं, आपण एकाचं अर्धं दिलं. हे कुठलं गणित?" पुढच्या वर्षीपासून वहीत एकच रक्कम, कलाकार कुणीही असो. वर्गणी वाढली, तीन सभासद गळाले. गळू देत.

तेव्हापासून बैठकीचा सांधाच बदलला. एक वर्ष शास्त्रीय, एक वर्ष बाकीचं, असं ठरलं होतं, पण बाकीच्यानेच हळूहळू घर बळकावलं. शाहीर त्यानंतरचे, आणि डफाच्या वादामुळे ते घरचेच होऊन गेले.

जेजुरीकडच्या वाघ्या-मुरळीचं जागरण झालं ते वर्ष वाडा होता तोवर पिवळंच राहिलं. दिमडी, तुणतुणं, मुरळीच्या हातातली घोळाची घंटा. दिमडी सोप्याला शोभते, संबळासारखी अंगावर येत नाही, बोटांच्या नखांचा आवाजसुद्धा कळतो. यावेळी आमची मंडळी तयारीनिशी आली होती. पहिल्याच "येळकोट येळकोट" ला "जय मल्हार" असं गरजली की वाघ्याच दचकला. त्याला चेव आला आणि त्याने पिशवी उघडून भंडारा उधळला. मूठमूठ. पांढरी चादर, पांढरे झब्बे, कोपऱ्यात उभे केलेले मिरजेचे तानपुरे, एका निवृत्त प्राध्यापकांचं टक्कल, सगळं सोन्याचं. चादर तीनदा धुतली तरी गेला नाही. प्राध्यापकांनी मात्र तो झब्बा पुढे दरवर्षी बैठकीला मुद्दाम घातला. त्याच रात्री शेजारच्या वाड्यातून तक्रार आली, आणि ती रास्त होती, त्यांच्याकडे आजारी माणूस होतं. तेव्हापासून वाजणारं सगळं दहाच्या आत, आणि दहानंतर हलकं: एकतारी, किंगरी, पावा. सन २००० चा ध्वनीचा नियम लाउडस्पीकरसाठी आहे, आमच्याकडे तो नाहीच, असं अण्णा म्हणत राहिले. वहिनींनी दुधाचं पातेलं बरोबर दहाला बाहेर आणायला सुरुवात केली. नियम त्यांचा पाळला गेला.

पण मला विचाराल तर सगळ्यांत जवळचं वर्ष ओव्यांचं. हेमा राइरकर आणि गी पॉइतवाँ यांनी पुण्यात राहून गावोगावच्या जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या, हजारावर गावांतून लाखाच्या वर. त्या कामाबद्दल कुठेतरी वाचून अण्णांनी ध्यास घेतला. ओळखीने मुळशीकडच्या चार बायका आल्या, लुगडं नेसलेल्या, साठीच्या पुढच्या. वहिनींनी माळ्यावरून सासूबाईंचं जातं उतरवून घासून ठेवलं होतं. त्यातल्या थोरल्या बाईंनी खुंटा हातात धरला आणि सोडला. "दाणं कुठायत? रिकामं जातं फिरवत न्हाईत."

मग गहू आणले. दोघी समोरासमोर बसल्या, एकाच खुंट्यावर दोघींचे हात. आणि गडबड लक्षात आली: समोरासमोर बसल्यावर एकीची पाठ श्रोत्यांकडे होणारच. कुणीतरी म्हणालं, आजी, जरा इकडे तोंड करून बसा ना. त्या म्हणाल्या, "मग दळायचं कसं?" एकीने ओळ टाकायची, दुसरीने उचलायची, घरघरीवर झुलवायची आणि पुढची जोडायची. भाऊ, माहेर, विठ्ठल, लेक. गाणं आमच्यासाठी नव्हतंच, ते त्यांच्या दोघींच्यात चाललं होतं, आम्ही फक्त त्या घरात होतो. गावात गिरणी आली तशी जाती कोपऱ्यात गेली आणि गाणंही, असं त्या दळता दळता सहज सांगत होत्या. मधेच थांबून एकीने जात्याभोवतीच्या पिठात हात घालून बघितलं. "जाडं पडतंय," म्हणाली, आणि पुन्हा सुरू. दुसऱ्या दिवशी त्या पिठाच्या पोळ्या आम्ही खाल्ल्या. जाडच होतं, दगडाची कचही लागली.

त्या रात्री माझा भाचाही गिटार घेऊन आला होता. इंजिनियरिंगची पोरं, नायलॉनच्या तारा, कॅपो लावून अगदी हळुवार वाजवणारी. मला हे प्रकरण जरा जडच जाणार असं वाटलं होतं. गिटारवर ओवी म्हटली की तिला एकदम जाहिरातीचा वास येतो, असं माझं मत आहे आणि ते अजून पुरतं बदललेलं नाही. पण त्याने एकच सूर धरून ठेवला, तुणतुण्यासारखा, आणि वर गायला. थोरल्या बाईंनी मान तिरकी करून ऐकलं. "चाल बरी हाय," त्या म्हणाल्या, "पण लई पळतोस. दळाय बसलास की कळंल." त्याला जात्यावर बसवला. चार फेऱ्यांत दम लागला आणि लय आपोआप उतरली.

२०२० साली बैठक नाही, २०२१ लाही नाही. मधल्या काळात अण्णा गेले. वाडा पडायचा तो पडला. वहिनी आता मुलाकडे, कोथरूडला, सहाव्या मजल्यावर. बैठक त्यांच्याच हट्टाने तिथे भरते. हॉलमध्ये तीस माणसं मावतात. संबळ शक्यच नाही. दाराशी बसायला जागा नाही म्हणून भांड्याच्या मावशी आता सोफ्यावर बसतात, त्यांना ते आवडत नाही.

गेल्या कोजागरीला शाहीर आले. केस पांढरे, आवाज तोच. सवयीने डफ घेऊन स्वयंपाकघरात शिरले आणि ओट्यापाशी थबकले. काळी गुळगुळीत काच, तिच्यावर दुधाचं पातेलं उकळतंय आणि खाली काही दिसत नाही.

"वहिनी, जाळ कुठाय?"

"जाळ नाही. इंडक्शन आहे."

त्यांनी डफ काचेवर ठेवून बघितला. शेगडीने पीं पीं करून नकार दिला. सुनेने आतून केस वाळवायचं यंत्र आणलं, ते पाच मिनिटं फिरवून झालं, टिचकी मारली तर उशीच. शेवटी मी, शाहीर आणि रविवारच्या पुरवण्यांचा गठ्ठा, असे लिफ्टने गच्चीवर गेलो. वाऱ्यात पहिले तीन कागद नुसते काळे झाले. चौथा पाण्याच्या टाकीच्या आडोशाला धरला. चंद्र डोक्यावर आला होता. शाहीर उकिडवे बसून डफ फिरवत होते, मी एकेक पान पुढे सारत होते, आणि कितव्या पानाला कोण जाणे, टिचकीला खणकन उत्तर आलं.

खाली आलो तोवर दूध आटून निम्मं झालं होतं. पेल्यांऐवजी वाट्या काढल्या.